धुतलेल्या बश्या आणि देवीचा कौल

बश्या धुऊन झाल्या तेव्हा इंदुबाई इतकी खुशीत होती की ती चक्क गुणगुणत होती. इंदुबाई गुणगुणायला लागली की आमच्या घरात काहीतरी बिनसतं, हा जुना अनुभव. पण त्या सकाळी कुणाला सवड होती? दांडेलीहून जीप येणार, जीपमधून वासूचे धारवाडचे मोठे सर येणार, आणि जेवायला आमच्याकडेच. कुंभारवाड्याच्या चिखलात जीप कुठवर येते यावर गावात कालपासून पैजा लागल्या होत्या.

"आक्का, घावल्या!" इंदुबाई परातच घेऊन मोठ्या जावेपुढे येऊन उभी राहिली. "सायबाला खीर कशात वाढायची म्हणून जीव टांगणीला लागल्याला. बगा तरी! कणगीमागं वासूच्या ट्रंकेत हुत्या. काचेच्या, एकसारख्या, आन् झाकणासकट वो, झाकणासकट!"

यमुना नारळ खवत होती. तिचा हात विळीवरच थांबला.

"आत काय हुतं त्यांच्या?"

"काय असणार? बुरशी! पांढरीफेक, कापसागत. खाली पेजंगत काय तरी थिजल्यालं. धारवाडला जाऊन एवढं शिकला, पर बशी विसळायची अक्कल न्हाई. राख लावून, काथ्या मारून लख्ख केल्या मी."

"इंदू," यमुना हळूच म्हणाली, "ते त्यानं पेरल्यालं हुतं गं."

"काय पेरल्यालं?"

"बुरशी."

इंदुबाईनं परात खाली ठेवली आणि तीही खालीच बसली. तिला दोष देऊ नका. आमच्या मुलखात पावसाचे चार महिने बाईमाणसाचं बुरशीशी युद्ध चालतं. लोणच्याच्या बरणीवर बुरशी, वाकळेवर बुरशी, नवऱ्याच्या टोपीवर बुरशी. चपला चुलीपाशी, पापड शिंकाळ्यात, बिया राखेत, असं करत करत बाई दसरा गाठते. अशा घरातला पोरगा शिकूनसवरून तीच बुरशी काचेत घालून पाळतो, हे म्हणजे घुशीला पाट मांडून जेवायला वाढण्यासारखं होतं.

आता वासूचं शिक्षण. सुप्याची शाळा झाली, खानापूरचं हायस्कूल झालं, बेळगावचं कॉलेज झालं. दर वेळी त्याचे वडील पुंडलिक विचारायचे, "झालं काय शिकून?" आणि दर वेळी तो म्हणायचा, "थोडं ऱ्हायलंय, बाबा." माणूस शिकेल तसा मोठमोठ्या गोष्टींकडं जातो अशी आमची समजूत, हा बारीक बारीक होत गेला. आधी झाडं शिकला, ते ठीक. मग झाडाची पानं, मग पानांवरचे रोग, आणि शेवटी धारवाडच्या विद्यापीठात पोचला तेव्हा त्या रोगावरच्या बुरशीपाशी येऊन थांबला. "आता ह्याच्याफुडं काय उरलंच न्हाई," पुंडलिक म्हणाले होते, "तवा येईल परत."

पण पुढं उरलं होतं. रोंयणीवरची अळमी उरली होती. रोंयण म्हणजे वाळवीचं वारूळ. श्रावणात तिच्यावर छत्र्या उगवतात, तीच अळमी, आणि ती आम्ही आवडीनं खातो. पण ही अळमी रोंयण सोडून कुठं उगवत नाही. का उगवत नाही, ते वासूला हवं होतं. त्याचं म्हणणं, वाळवीच ती आत वाढवते. त्यानं दिग्गीच्या रानात रोंयणीमागून रोंयणी फोडल्या. बहुतेक रिकाम्या निघाल्या. अखेर एकीच्या पोटात जिवंत पोळं सापडलं आणि त्यातली बुरशी त्यानं काचेत रुजवली. सर म्हणाले, मी डोळ्यांनी बघतो, मग तुला कायम करण्यासाठी माझा शब्द खर्ची घालतो. नाही तर त्याची हंगामी नोकरी दिवाळीला संपत होती. आणि हे सगळं तो देवीला नव्या अळमीचा निवेद दाखवायला घरी येताना बरोबर का घेऊन आला? तर मागं ठेवलं आणि कुणी झाडपूस करणाऱ्यानं धुऊन टाकलं तर, म्हणून!

"वासू कुठं हाय?" इंदुबाईनं विचारलं.

"ओढ्यावर आंघोळीला."

"मग येळ हाय," ती उठली. "आक्का, बुरशीच पायजे न्हवं? ह्या घरात बुरशीला काय तोटा?"

पुढचा प्रकार यमुनेला पसंत नव्हता असं तीच मागाहून सांगायची. पण झाकणं उघडून धरत होती तीच. इंदुबाईनं कैरीच्या लोणच्यावरची साय काढली. पुंडलिकांच्या जुन्या वहाणेचा तळ खरवडला. छत्रीच्या मुठीवरचं हिरवं, परवाच्या भाकरीवरचं काळं, आणि आपल्या नवऱ्याच्या, भिकाजीच्या, तंबाखूच्या चंचीतलं करडं. खाली थिजलेलं हवं म्हणून तांदळाची पेज ओतली. एका बशीत तिनं जरा खवलेला नारळही भुरभुरला.

"ह्यो कशाला?" यमुनेनं विचारलं.

"पांढरी कमी पडली."

वासू डोकं पुसत आला, ट्रंकेपाशी गेला आणि पहिलं झाकण त्यानं उचललं. दोघी जावा दाराआड उभ्या.  त्यानं बशी उजेडात नेली, वास घेतला. दुसरी उघडली. तिसरी उघडली.

"काकी," तो म्हणाला.

"काय रं बाळा?"

"हे लोणचं हाय. बरणीच्या कडेचं, मधलं न्हवं. ही भाकरी, नाचणीची. ह्या बाबांच्या वहाणा, कारण कातड्यावरची अशी पिवळट धरती. आन् ही..." त्यानं परत वास घेतला, "ही कुठल्या तरी तंबाखूवरची. काकांची चंची गं?"

"अगो बाई!" इंदुबाईनं तोंडावर हात मारला. "आक्का, ह्याला खरंच येतंय की!"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, धारवाडात तो बसून खातो.

"आन् ह्या बशीत खोबरं," वासू म्हणाला, आणि मग जमिनीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचा चेहरा असा झाला की यमुनेनं त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "संपलं आई," तो म्हणाला. "परत तसली मिळवायला मला एक पावसाळा लागंल, आन् माझ्याकडं दिवाळीपातूर येळ हाय."

पुंडलिक माजघराच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला. लेकराचं वाईट झालं आणि आपल्याला आनंद झाला याची त्यांना लाजही वाटली. पण आनंद मोठा होता. बैल थकले होते, पाठ वाकली होती, आणि रोपणीच्या चिखलात उभं राहून दर वर्षी त्यांनी पोराच्या वाटेकडं बघितलं होतं. आता दिवाळीला पोरगा घरी. देवी करते ते बऱ्यासाठीच!

"हुतं असं," ते गंभीर तोंड करून म्हणाले. "नशिबापुढं कुणाचं चाललंय? सर आलं की जेवू घालू, आन् सांगू की न्हाई जमलं."

"व्हय, व्हय," भिकाजी मागून म्हणाला. धाकटा भाऊ, घरचं देवकार्य त्याच्याकडं आणि थोरल्याच्या बोलण्याला व्हय म्हणणंही त्याच्याकडंच. "हितं काय कमी हाय त्याला? ...माजी चंची कुणी उघडली?"

इंदुबाई खांबाआड गेली. ती थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू देत नसे आणि त्याच्याशी थेट एक अक्षर बोलत नसे. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलायची ती यमुनेकडं बघून, यमुना नसली तर खांबाकडं बघून. पुंडलिकही खांबालाच उत्तर द्यायचे.

"आक्का," ती खांबाआडून म्हणाली, "भावजींस्नी सांगा, पाप माज्या हातनं झालंय. पोराचं नुसकान मी भरून देनार."

"तिला म्हणावं, बुरशी बाजारात मिळती व्हय?" पुंडलिक खांबाला म्हणाले.

"वासू, तू बोल," इंदुबाई म्हणाली. "ती परत कुठं मिळंल?"

वासूनं आईच्या पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "जित्या रोंयणीत. ताजं पोळं मिळालं तर सरांच्या डोळ्यांम्होरं मी ते परत काचेत पेरीन. मुठीएवढं पुरे. पर दिग्गीला जाऊन यायला आता येळ न्हाई, आन् गावातल्या रोंयणी देवीच्या, त्यांना हात लावायचा तर साऱ्या गावाची बैठक बसवाया पायजे."

  सगळ्यांच्या नजरा देवघराकडं वळल्या.

आमच्या देवघराच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, कमरेएवढी रोंयण आहे. घर बांधलं तेव्हा ती होती. घर तिच्याभोवती बांधलं. ती आमची सातेरी देवी. तिला पुढून कुंकवाचा मळवट, समोर समई. दर श्रावणात भिंतीपलीकडं परसात तिचीच अळमी फुटते, आणि तिचा निवेद दाखवल्याशिवाय घरात कुणी अळमी खात नाही. ती जिवंत आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती. सगळ्या ट्रंका पाटावर ठेवाव्या लागतात त्या तिच्यामुळंच.

"न्हाई," पुंडलिक म्हणाले.

"बाबा, मी मागितली न्हाई."

"डोळ्यानं मागितलीस."

"आक्का, भावजींस्नी सांगा," खांब बोलला, "घरच्या आईकडं लेकरानं मूठभर मागितलं तर त्यात काय चुकलं? आन् द्यायचं का न्हाई ते भावजींनी कोन ठरवायचं? तिला इचारा की! कौल घ्या!"

 कौलाला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. पद्धत सरळ: तेरड्याची दोन फुलं भिजवून रोंयणीच्या दोन अंगांना लावायची. उजवं आधी पडलं तर देवीचं व्हय, डावं पडलं तर न्हाई. पुंडलिकांनी मान हलवली. मनातून त्यांची खात्री होती की देवी आपल्या बाजूला आहे. नुकतंच तिनं दाखवलंही होतं.

फुलं आणायला इंदुबाई परसात गेली. देवीवर तिचा विश्वास होताच, पण एवढ्या मोठ्या कामात सगळा भार देवीवर टाकणं तिला बरं वाटेना. तिनं एका फुलाच्या बुडाला खिरीसाठी काढलेल्या गुळाच्या पाकाचं बोट लावलं, आणि ताटात डावीकडं ठेवलं. डावं चिकटलं की उजवं आपसूक पडणार.

भिकाजीनं सोवळं नेसलं, ताट घेतलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"आये सातेरी! ह्यो तुझा ल्योक वासू, बुरशीचं शिकल्याला..."

"मोठ्यानं सांगू नका तिला, बुरशी म्हणून," यमुना पुटपुटली.

"...त्याच्या बश्या ह्या घरच्या बाईनं धुतल्या..."

"नाव घ्यायची काय गरज हुती?" खांब म्हणाला.

"मी नाव कुठं घेतलं? बाई म्हटलं!... तर आये, तुझ्या पोटातलं मूठभर त्याला द्यायचं असंल तर उजवा दे, न्हाई तर डावा दे. आन् काय चुकलं असंल तर पोटात घाल!"

"व्हय आये!" सगळे म्हणाले.

भिकाजी वळला, त्यानं ताटातली फुलं उचलली. पाकाचं फूल त्यानं उजव्या अंगाला लावलं.

"अवो!" इंदुबाईच्या तोंडून निघालं.

"काय?"

"...काय न्हाई."

समईची वात तडतडली. परसात पागोळ्या गळत होत्या. यमुनेनं डोळे मिटले होते. वासू, जो धारवाडात या असल्या गोष्टींवर हसला असता, दोन्ही हातांच्या मुठी आवळून त्या फुलांकडं बघत होता. आणि पुंडलिक बघत होते वासूकडं.

त्यांना त्याचा असा चेहरा आठवेना. नोकरी जाईल म्हणून माणूस घाबरतो, तसा तो नव्हता. मागं गाय अडली होती तेव्हा रात्रभर गोठ्यात बसून यमुनेचा झाला होता, तसा होता. कुणाचा तरी जीव जातोय आणि आपल्याला काही करता येत नाही, असा. एवढ्याशा पांढऱ्या सुतावर पोराचा इतका जीव आहे, हे पुंडलिकांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

डावं फूल सुटलं आणि टपकन खाली पडलं.

 भिकाजीनं नमस्कार केला आणि भावाकडं बघितलं. जिंकलेला भाऊ खूश दिसेना.

"झालं," भिकाजी म्हणाला. "आये न्हाई म्हणाली."

वासूनं मान खाली घातली आणि तो उठायला लागला.

"थांबा," पुंडलिक म्हणाले. "डावं कुणाचं?"

"म्हंजी?"

"हे डावं अंग कुणाचं? तुझं का तिचं?"

भिकाजीनं आपल्या हातांकडं आळीपाळीनं बघितलं. "माझं."

"कौल कुणाचा? तुझा का तिचा?"

"तिचा."

"मळवट हिकडं हाय म्हंजी तिचं त्वांड आपल्याकडं हाय. आपल्याकडं त्वांड करून बसलीया तर तिचा उजवा हात कुठला?" पुंडलिकांनी पुढं होऊन पडलेल्या फुलावर बोट ठेवलं. "ह्यो! आयेनं उजवा दिलाय."

भिकाजीच्या कपाळाला घाम फुटला. "दादा, पर आजा असाच मोजायचा, बाबा असाच मोजायचा. मग आजपातूर आपण घेतल्याले सगळे कौल..."

"उलटे."

"तळ्याकडची जमीन न्हाई घेतली ती?"

"घ्यायची हुती."

"तांबडी म्हस इकली ती?"

"ठेवायची हुती."

"भावजी!" खांबाआडून आवाज आला आणि त्या मागोमाग इंदुबाई. पदर मागं पडलेला, कमरेवर दोन्ही हात, आणि सरळ थोरल्या दिराच्या डोळ्यांत डोळे. "माज्या लग्नाचा कौल तुमी ह्याच जागी घेतला हुता! उजवा मिळाला म्हणून माज्या बाला सांगितलंत! म्हंजी आये तवा न्हाई म्हणाली हुती?"

पुंडलिक गडबडले. खांब त्यांच्याशी असा कधी बोलला नव्हता. "तसं... तसंच म्हणाया पायजे."

"तरीच!" इंदुबाई म्हणाली.

"मलाबी वाटायचंच," भिकाजी म्हणाला.

"तुमास्नी काय वाटायचं? तुमास्नी?"

"अगं, देवाम्होरं तरी..."

यमुना तोंडाला पदर लावून हसत होती, आणि तिला पाहून वासूही. "चूक आयेची न्हाई, आमची," पुंडलिक म्हणाले. "आन् तुजं काय वाईट झालं, इंदुबाई? ह्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तुजं त्वांड कवाच मिटवलं असतं त्यानं." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. इंदुबाईला हे कळलं, तिनं पदर सावरला, पण खांबाआड काही ती गेली नाही. पुन्हा कधीच गेली नाही.

लांबून कुठून तरी इंजिनाचा आवाज आला. वासूनं पिशवीतून खुरपी काढली.

"तू न्हाई," पुंडलिक म्हणाले. "तू मागणारा. देणारा मी. काय लागायचं ते मला लागू दे."

त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून समईपाशी ठेवलं. भिंतीच्या बाजूनं, मळवटाला धक्का न लावता, कोयत्याच्या टोकानं त्यांनी माती उकलली. भोक पडलं तसा कोपरापर्यंत हात आत घातला. वाळवीनं कडाडून चावे घेतले.  आत ऊब होती. हाताला काहीतरी हलकं, मऊ लागलं आणि त्यांनी ते अलगद बाहेर काढलं.

करड्या रंगाचं पोळं, सगळं भोकाभोकांचं, आणि त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे.

"हे काय रं?" त्यांनी कुजबुजत विचारलं. वासू वाकून बघत होता.

"हीच, बाबा. वाळवी पालापाचोळा आणती, त्याची माती करती, आन् त्यावर ही पेरती. दुसरं काय उगवलं तर निवडून टाकती. ह्योच तिचा वाफा."

पुंडलिकांनी ते पोळं डोळ्यांजवळ नेलं आणि बराच वेळ बघत राहिले. इंदुबाईनं धुतलेली एक बशी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी पोळं तिच्यात ठेवलं, आणि बशी आपल्या हातांनी वासूच्या हातांत दिली. वासू बशी छातीशी धरून बाहेर धावला. चपला घालायचंही त्याला सुचलं नाही. भोक ओल्या मातीनं लिंपायला भिकाजी न सांगता बसला.

अंगणात जीपचं दार वाजलं. जाड चष्म्याचे सर गुडघाभर चिखलात उतरले ते वासूच्या हातातल्या बशीवर वाकूनच, आणि "अय्यो! अय्यो!" करत कानडीत काहीतरी भराभर बोलू लागले. ते काय बोलतात ते ऐकायला यमुना ओसरीपर्यंत गेली, आणि परत आली तेव्हा पुंडलिक अजून रोंयणीपुढंच बसले होते. हात सुजला होता.

"कायम करतील म्हणाले," तिनं सांगितलं. "सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला."

"बरं झालं."

यमुना खोबरेल घेऊन शेजारी बसली आणि त्यांच्या हाताला चोळायला लागली. "तुमास्नी तर त्यो घरी यायला पायजे हुता."

"पायजे हुता," पुंडलिक म्हणाले. "अजून पायजे हाय."

"मग आयेचा हात कशापाय बदललात?"

बाहेर वासू काहीतरी सांगत होता, मध्येच हसत होता, आणि सर त्याला थांबवून पुन्हा पुन्हा विचारत होते. लेक घरात कधी एवढा बोलला नव्हता.

"ऐक तरी कसा बोलतोय त्यो," पुंडलिक म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.